ओके म्हणजे किती?

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर झोपतं कोण? मागच्या सेमिस्टरला मीही झोपलो नव्हतो. फरक इतकाच की बाकीचे जर्नल उतरवत होते आणि मी सेकंड इयरच्या अख्ख्या वर्गाचे प्रोग्राम तपासत होतो. म्हणजे मी नाही, माझी स्क्रिप्ट तपासत होती. निदान माझी तशी समजूत होती.

आता आपल्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्याच प्रॅक्टिकलचं टर्मवर्क असं मशीनकडून तपासून घ्यायचं चाललं आहे, म्हणून हे लिहायला बसलो. माझं मत आधीच सांगून टाकतो : तपासावं, जरूर तपासावं. पण मशीनने 'ओके' म्हटलं की आपण तिथेच सही ठोकून मोकळं व्हायचं, हे चालणार नाही. किती टेस्ट चालल्या आणि कोणाच्या कोडवर चालल्या, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या ओकेला काडीचा अर्थ नाही. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, तर ६४ मुलांचे मार्क चुकवून कळलं आहे.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी थोडक्यात. युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा बरोबर चालतो की नाही हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम. स्टॅकमध्ये ५ टाकले, मग ७ टाकले, बाहेर काढले तर आधी ७ यायला हवेत. आले तर पास, नाहीतर फेल. पायथॉनमध्ये यासाठी 'युनिटटेस्ट' नावाचं मोड्यूल आयतंच मिळतं, २००१ सालच्या २.१ आवृत्तीपासून. स्टीव्ह पर्सेल यांनी ते 'पाययुनिट' या नावाने लिहिलं होतं. त्याची वंशावळ मजेशीर आहे. केंट बेक यांनी आधी स्मॉलटॉक भाषेसाठी असं काही बनवलं, मग १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात ते आणि एरिख गॅमा यांनी मिळून जावासाठी 'जेयुनिट' लिहायला घेतलं, आणि त्यावरून पायथॉनचं आलं. म्हणूनच पायथॉनमध्ये बहुतेक ठिकाणी अंडरस्कोर आणि या मोड्यूलमध्ये मात्र मधेच कॅपिटल अक्षरं. ओरलला विचारलं तर सांगा, एक्स्टर्नल खूश होतील.

या मोड्यूलमध्ये चार कामकरी आहेत. 'लोडर' टेस्ट शोधून आणतो, त्यांचा गठ्ठा म्हणजे 'सूट', 'रनर' तो गठ्ठा चालवतो आणि 'रिझल्ट' हिशेब ठेवतो. एरवी आपण कमांड लाइनवर एक ओळ टाइप करतो आणि चौघं आपापसात निभावून नेतात. पण ६४ फोल्डर असतील तर ही ओळ ६४ वेळा टाइप करून कागदावर मार्क लिहीत बसणार का? मग आपणच एक प्रोग्राम लिहायचा : लोडरला हाक मारायची, गठ्ठा रनरच्या हातात द्यायचा, रिझल्ट वाचून मार्क भरायचे. जेमतेम पंचवीस ओळींचं काम. मॅडम म्हणाल्या, "एकेक उघडून चालवत बसले तर पुढची टर्म उजाडेल रे. तू लिहितोस का काहीतरी?" फायनल इयरच्या माणसाला एवढं विचारलं की तो हवेतच जातो. मीही गेलो.

असाइनमेंट अशी होती : स्टॅकचा क्लास लिहायचा, आणि त्याच्या टेस्टही स्वतःच लिहायच्या. दोन फायली, नावं सगळ्यांना सारखीच ठरवून दिलेली. प्रत्येकाचा एक फोल्डर, त्यावर रोल नंबर.

रात्री स्क्रिप्ट चालू केली ती पहिल्याच फोल्डरवर अडकली. स्क्रीनवर बघतो तर 'एक पुश, दोन पॉप, तीन डिस्प्ले, चार एक्झिट, एंटर युवर चॉईस'. आपल्याकडे मेन्यू नसलेला प्रोग्राम लिहिला तर पाप लागतं. फर्स्ट इयरपासून तशी सवय लावलेली असते. रोल नंबर एकने मेन्यू थेट फायलीत लिहिला होता. पायथॉनमध्ये फाइल इम्पोर्ट केली की तिच्यातला उघडा कोड तिथल्या तिथे चालतो. टेस्टने स्टॅकची फाइल इम्पोर्ट केली, मेन्यू उघडला आणि उत्तराची वाट बघत बसला. फाइल थेट चालवली तरच मेन्यू दाखव, अशी एका ओळीची अट घालता येते. ती अट का घालायची हे मलाही फायनल इयरलाच समजलं, तेव्हा ज्युनियरला काय बोलणार! मी चार दाबलं, मेन्यू संपला, स्क्रिप्ट पुढे सरकली. बाकीचे ६३ फोल्डर दोन सेकंदांत संपले. सगळे पास. मी खूश होऊन चहा प्यायला गेलो.

इथेच डोक्यात उजेड पडायला हवा होता. ६४ मुलांत मेन्यू लिहिणारा एकच? आपल्या कॉलेजात? पण रात्री दोन वाजता 'ओके' दिसलं की शंका कोणाला येते.

सकाळी मी यादी होस्टेलवर दोघातिघांना दाखवली. त्यातला एक म्हणाला, "दादा, मी पास कसा? मी बहिणीच्या लग्नाला गेलो होतो, फोल्डर रिकामाच आहे माझा." उघडून बघितला तर खरंच रिकामा. आणि माझ्या यादीत त्याच्यापुढे चक्क 'पास'.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण यात स्क्रिप्ट लिहिणारा प्रत्येकजण एकदा तरी सापडतो. पायथॉन एकदा इम्पोर्ट केलेलं मोड्यूल विसरत नाही. त्याच्याकडे एक रजिस्टर असतं, आपल्या गेटवरच्या वॉचमनकाकांकडे असतं तसं. 'स्टॅक' नावाचा मुलगा आत आला की नोंद होते. थोड्या वेळाने दुसऱ्या गावचा, दुसऱ्या बापाचा 'स्टॅक' गेटवर आला तर हे काका बाहेर बघतच नाहीत. रजिस्टरमध्ये नाव आहे ना? मग आतल्यालाच पुढे करतात. मी फोल्डर बदलत होतो, पाथ बदलत होतो, पण फायलींची नावं सारखी असल्यामुळे पायथॉन दर वेळी रोल नंबर एकचीच फाइल हातात ठेवत होता. ६४ वेळा एकाच मुलाचा प्रोग्राम तपासला मी! लोडरची 'डिस्कव्हर' ही पद्धत वापरली असती तर निदान 'हे मोड्यूल भलत्याच जागेवरून आलं' म्हणून तिने तक्रार केली असती, तेवढं ती तपासते. मी मात्र नावावरून लोड करणारी सोपी पद्धत वापरली होती, आणि ती बिचारी काहीच बोलत नाही.

मोड्यूल पुन्हा वाचायला लावण्याचीही सोय पायथॉनमध्ये आहे. मी आधी तेच केलं, पण ते अर्धवट औषध आहे. टेस्टच्या फायलीने जुना क्लास आधीच खिशात घातलेला असतो, तो तसाच राहतो. खरा उपाय एकच : प्रत्येक मुलासाठी पायथॉनची वेगळी प्रोसेस. कोरं रजिस्टर, दहा सेकंदांची मुदत, आणि कीबोर्ड बंद. मुदतीमुळे अनंत फिरणारा लूप मरतो. कीबोर्ड बंद असल्यामुळे मेन्यूने चॉईस विचारली की तिथेच एरर येतो आणि तो त्या एकाच मुलाच्या नावावर पडतो, पुढचे ६३ जण खोळंबत नाहीत. प्रत्येकाला नवीन प्रोसेस म्हणजे थोडा उशीर होतो, पण मिनिटभरच. तेवढ्यात चहा होतो.

आता मार्क वेगवेगळे आले. काही पास, काही फेल. म्हटलं, आता कसं खरं वाटतंय. मॅडमना यादी दिली, त्यांनी ती लॅबच्या दारावर लावली. नियम साधा होता : रिझल्टला 'सगळं यशस्वी का?' असं विचारायचं, हो म्हणाला तर १० पैकी १०, नाही म्हणाला तर ४.

दुपारी एक मुलगी जर्नल घेऊन लॅबमध्ये आली. तिला ४ मिळाले होते. भांडायला नाही, विचारायला आली होती. तिने पाच टेस्ट लिहिल्या होत्या, चार पास, एक फेल. फेल होणारी टेस्ट होती 'नवीन स्टॅक रिकामा असतो'. गंमत म्हणजे ती टेस्ट एकटी चालवली की पास व्हायची, बाकीच्यांबरोबर चालवली की फेल. तिने दोन दिवस डोकं खाजवलं होतं. शेवटी जर्नलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की ही टेस्ट फेल होते, कारण सापडलं नाही. टेस्ट खोडून टाकणं सोपं होतं. तिने खोडली नाही.

आम्ही दोघांनी बसून शोधलं. युनिटटेस्ट प्रत्येक टेस्टसाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं, म्हणजे मेसमध्ये प्रत्येकाला धुतलेलं ताट. पण तिच्या स्टॅकच्या कन्स्ट्रक्टरमध्ये यादीची डीफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट दिली होती. पायथॉन ती लिस्ट एकदाच बनवतो, फंक्शन वाचताना, आणि मग प्रत्येक नव्या स्टॅकला तीच देतो. ताटं नवी, आमटीचं पातेलं एकच. लोडर टेस्ट नावाच्या वर्णक्रमाने लावतो. 'पीक', 'पॉप', 'पुश' या टेस्ट आधी चालायच्या, त्यांचं उरलेलं पातेल्यात राहायचं, आणि 'रिकामा' ही आर अक्षराची टेस्ट शेवटी यायची तेव्हा स्टॅक भरलेला. एकटी चालवली की साहजिकच पास. डीफॉल्ट काढून आतमध्ये दर वेळी नवी लिस्ट बनवली आणि पाचही पास झाल्या. एक ओळ बदलली.

ही चूक पायथॉन शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण करतो. मग बाकीच्यांना ती कशी सापडली नाही? म्हणून मी १० पैकी १० वाल्यांचे फोल्डर उघडायला लागलो, आणि तोंडावर पडलो. नऊ जणांच्या एकाही मेथडचं नाव 'टेस्ट' या शब्दाने सुरू होत नव्हतं. कोणी 'चेक पुश' लिहिलं होतं, कोणी कॅपिटल टी टाकून. लोडर नावाची सुरुवात बघतो, तीही लहान लिपीतली. जुळलं नाही तर एक शब्दही न बोलता सोडून देतो. म्हणजे या नऊ जणांच्या शून्य टेस्ट चालल्या. शून्यापैकी शून्य फेल. 'सगळं यशस्वी का?' म्हणून विचारलं तर रिझल्ट म्हणणार, हो! त्याच्या दृष्टीने तो खोटं बोलतच नाही. फेल किती आणि एरर किती, हे तो मोजतो. शून्य आणि शून्य. घ्या १० मार्क.

त्यातल्या तिघांचा स्टॅक तर त्या मुलीच्या स्टॅकसारखाच बिघडलेला होता. फक्त ते कळायची सोय नव्हती. जिने आपली चूक स्वतः पकडून दाखवली तिला ४, आणि ज्यांनी काहीच तपासलं नाही त्यांना १०. हा हिशेब मी लिहिलेल्या पंचवीस ओळींनी केला होता, आणि तो लॅबच्या दारावर लावला होता.

पायथॉनवाल्यांनाही हे खटकलं असणार, कारण २०२३ सालच्या ३.१२ आवृत्तीपासून एकही टेस्ट चालली नाही तर ओके म्हणत नाहीत, 'एकही टेस्ट चालली नाही' असं छापतात आणि कमांड लाइनवर ५ हा एक्झिट कोड देतात. पण हे कमांड लाइनसाठी. आपण स्वतःच्या प्रोग्राममधून रनरला बोलावलं की एक्झिट कोडचा प्रश्नच येत नाही, आणि 'यशस्वी का?' ला उत्तर अजूनही 'हो' असंच येतं. छापलेला इशारा तरी दिसला असता, पण ६४ जणांची कटकट नको म्हणून मी आउटपुटच बंद करून ठेवला होता. शहाणपणा, दुसरं काय!

तेव्हा स्टाफला माझी विनंती आहे. यशस्वी की नाही हे विचारण्याआधी किती टेस्ट चालल्या तो आकडा घ्या. तोही तसाच घेऊ नका, कारण 'स्किप' लिहून सोडून दिलेल्या टेस्टही त्या आकड्यात धरल्या जातात. त्या वजा करा. एकाच नावाच्या दोन मेथड असतील तर पायथॉन पहिली पुसून दुसरी ठेवतो, तेही गुपचूप. आपल्याकडे कॉपी-पेस्ट किती चालतं ते मी सांगायला नको. म्हणजे मुलाने दहा लिहिल्यात असं त्याला वाटतं आणि चालतात सात. हा आकडा मुलाला मार्कांच्या शेजारी दिसला पाहिजे, म्हणजे तो स्वतःच विचारायला येईल.

पण नुसता आकडाही पुरत नाही. मेथडला नाव दिलं, आत काहीच लिहिलं नाही, तरी टेस्ट पास! यावर मॅडमनी सुचवलेला उपाय मला फार आवडला. त्यांनी चार मुद्दाम बिघडवलेले स्टॅक लिहिले. एक उलट्या क्रमाने काढतो, एकाचा 'पीक' वस्तू काढूनच टाकतो, एक कायम म्हणतो मी रिकामा, आणि चौथा त्या मुलीचा, एकाच पातेल्याचा. मुलाच्या टेस्ट आधी चांगल्या स्टॅकवर चालवायच्या, तिथे सगळ्या पास व्हायला हव्यात. मग हे चार स्टॅक एकेक करून त्याच नावाने त्याच्या टेस्टशेजारी ठेवायचे. आता टेस्ट फेल झाली तर मार्क! बिघडलेल्या स्टॅकलाही जी टेस्ट पास म्हणते ती कसली टेस्ट? यादी पुन्हा लागली तेव्हा त्या मुलीच्या टेस्टनी चारही पकडले होते. चौथा तर तिचाच होता म्हणा.

आणि ठाऊक असलेली चूक लपवायला लावू नका. युनिटटेस्टमध्ये 'ही टेस्ट फेल होणार हे मला माहीत आहे' असं टेस्टवर लिहून ठेवायची सोय आहे, 'एक्स्पेक्टेड फेल्युअर'. मग ती फेलमध्ये धरत नाहीत, वेगळी मोजतात, आणि उद्या ती अचानक पास झाली तर उलट तेच तुम्हाला कळवतात. जर्नलमध्ये शाईने लिहिलेलं तिचं वाक्य स्क्रिप्टला वाचता आलं नाही, पण हे वाचता आलं असतं. ही सोय आहे हे कोणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही.

काही सर म्हणतात की टेस्ट आधी दाखवल्या तर मुलं तेवढ्यापुरतंच लिहितील. सर, क्षमा असावी, पण आत्ता काय होतं? आत्ता मुलं ओरलला कोणते तीन प्रश्न येतात तेवढ्यापुरतं पाठ करतात, आणि जर्नलचं कव्हर नीट लावलं तर आतलं पान कोणी उलटत नाही. त्यापेक्षा टेस्टपुरतं तरी चालणारं काहीतरी लिहितील. माझा आग्रह फक्त एवढा की तपासणारी स्क्रिप्ट सबमिशनच्या आधी मुलांना मिळावी. मुदत संपण्याआधी त्यांनी ती स्वतः चालवून बघावी, आपल्या किती टेस्ट लोड होतात ते बघावं. त्या नऊ जणांपैकी निदान सात जण नाव बदलून मोकळे झाले असते. ते लबाड नव्हते, त्यांना कळलंच नव्हतं. मशीनने तपासलं म्हणून माणसाने कोड वाचूच नये असंही नाही. ६४ पैकी दहा फोल्डर कोणीतरी उघडून वाचावेत, दर वेळी वेगळे. मी सुरुवातीला एक जरी उघडला असता तरी निम्मी शोभा टळली असती.

हे सगळं रूमवर रंगवून सांगत होतो तेव्हा एका ज्युनियरने विचारलं, "दादा, तुमच्या स्क्रिप्टला टेस्ट आहेत का?" रूममध्ये एकदम शांतता. टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला एकही टेस्ट नव्हती.

आता आहेत. खऱ्या रोल नंबरांच्या आधी चार खोटे फोल्डर ठेवलेत. एक रिकामा आहे, लग्नाला गेलेल्याच्या आठवणीत. दुसऱ्यात नुसत्या 'चेक' नावाच्या मेथड. तिसऱ्यात इम्पोर्टबरोबर उघडणारा मेन्यू. चौथ्यात पाच टेस्ट, एक फेल. या चौघांना काय मार्क मिळायला हवेत ते आधीच लिहून ठेवलं आहे आणि छापील यादीत त्यांच्या ओळी सगळ्यात वर येतात. स्क्रिप्ट लॅबच्या सर्व्हरवर कॉमन फोल्डरमध्ये आहे, कोणीही उघडून वाचावी. त्या वरच्या चार ओळींत काही वावगं दिसलं तर खालचे मार्क बघू नका, सरळ माझ्या रूमचं दार ठोठवा. सबमिशनच्या आठवड्यात मी जागाच असतो.